सुधीरदादाचं चार सेकंदांचं नाव

फोन आला तेव्हा मी चाकणच्या आमच्या कंपनीत नव्या कामगारांच्या वर्गात उभी होते. "सुधीर गेले," वहिनी म्हणाली. तासाभरात निघते असं सांगून मी सुरक्षेची फिल्म लावली. समोर वीस माणसं बसली होती. फिल्म सुधीरदादाचीच होती.

दादा माझा मामेभाऊ, थेरगावचा, सिनेमा दिग्दर्शक. कुठला सिनेमा, असं कुणी विचारलं की घरातले चहाचं बघायला उठायचे. एकच सिनेमा त्याने पुरा केला, तो कधी थिएटरला लागलाच नाही. मग लग्नांची शूटिंग केली… आणि पुढे कारखान्यांच्या फिल्म्स. आमचं काम मीच त्याला दिलं.

पत्रा दाबणारा आमचा प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच चालतो. म्हणजे हात आत राहत नाही. दादाला हे फार आवडलं. प्रत्येक शॉटआधी तो सगळ्यांना दोन्ही हात वर करायला लावायचा.

"राव, मग कॅमेरा काय दातात धरू?" कॅमेरावाला वैतागायचा.

"आधी मोजू दे."

जुने ऑपरेटर शिंदेभाऊ एक हात मागे लपवायचे. त्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. दादाने त्यांनाच पुढे घेतलं. "हिरो तुम्हीच."

"हिरो व्हय? थांबा, बायकोला सांगून येतो!"

फिल्मच्या शेवटी त्यांचे वर केलेले दोन हात आहेत, बाकी काही नाही. इतकं मला कुठल्याच पोस्टरने शिकवलं नव्हतं.

दादाने एकच मागितलं होतं. "शेवटी माझं नाव टाक, वैशे. पडद्यावर एकदा तरी…" बाहेरच्यांची नावं टाकायची नाहीत, असा आमचा नियम. मी तो सांगितला. वर साहेबांना विचारलंसुद्धा नाही. "बरं," तो म्हणाला, आणि विषय पुन्हा कधी काढला नाही. मला ते सोयीचं वाटलं.

तेराव्यानंतर साहेबांना विचारलं. त्यांनी मानही वर केली नाही. "टाका की."

आता शिंदेभाऊंच्या हातांनंतर दादाचं नाव चार सेकंद दिसतं. तेवढ्यात लोक खुर्च्या सरकवून उठायला लागतात. मी म्हणते, "बसा. दोन्ही हात वर." नाव जाईपर्यंत हात मोजते. मग दिवे लावते.