तिसरा आरसा

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालायची तर हात वर जाईना, मानच हाताकडे न्यावी लागे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. सुनेनं चौकशी करून आणली की गुलमंडीत बायकांचा व्यायामवर्ग आहे, दुपारी दोन ते तीन, बाजार जरा सुस्तावलेला असतो तेव्हा. अशा तऱ्हेनं साठी ओलांडल्यावर, जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून, मी एका जुन्या साडीच्या दुकानाच्या माडीवर चढले.

दुकान कधीच बंद झालं होतं. माडीवर पूर्वी भारी साड्या दाखवत, त्या वेळचे चार उंच आरसे भिंतीला तसेच होते. बाजूच्या खिळ्यांवर बुरखे, ओढण्या, पिशव्या एकमेकांवर लटकलेल्या असत आणि पंधरा-वीस जणी आरशांकडे तोंड करून हात वर, हात खाली करत. शिकवणारी पोरगी माझ्या नातीएवढी, पण आवाज हवालदाराचा.

मी मागच्या रांगेत उभी राहायची. तीस वर्षं शाळेत शिकवलं, परीक्षेला नेहमी मुलांच्या पाठीमागं उभी राहिले. समोर उभं राहिलं की पोरं सावध होतात, मागून सगळं कळतं. इथंही खांदा राहिला बाजूला, मला आरशापुढची माणसंच बघायचा नाद लागला.

एक जण व्यायाम करताना डोळे मिटून घ्यायची. विचारलं तर म्हणाली, देवाचं नाव घेते. पण जिन्यात आरसा नव्हता, तिथं ती डोळे उघडेच ठेवून नाव घेत होती. दुसरी कधीच आरशाला सामोरी जायची नाही, अर्धी वळून उभी राहायची, जणू कुणी फोटो काढतंय. बऱ्याच जणी स्वतःला सोडून शेजारणीला बघायच्या. स्वतःच्या तोंडाकडे मात्र कुणी बघत नव्हतं, सगळ्यांची नजर गळ्याखाली. माझं म्हणाल तर मला पहिल्याच आठवड्यात शोध लागला की माझा हात वर जातच नव्हता. मीच डावीकडे कलत होते आणि हात वर गेला असं समजून खूश होत होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. चारांतल्या तिसऱ्या आरशापुढं कायम गर्दी. त्या जागेसाठी शहागंजातली एक भाभी पावणेदोनलाच येऊन उभी राहायची. चाळिशीची, अंगानं चांगली भरलेली, तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. तिला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती, साखर खाली आली नाही तर रोजची सुई सुरू. सुईला ती फार घाबरायची. तिच्या आईला सुया सुरू झाल्या आणि वर्षभरात पाय काढावा लागला, तेव्हापासून तिच्या मनात सुई आणि पाय एकाच गाठीत बांधलेले. "टीचर, हे तीन महिने म्हणजे माझी बोर्डाची परीक्षा हाय," ती म्हणायची. घरात सासू, दीर, गिऱ्हाईक, हात पसरायला जागा नाही. ही एक तासाची माडी सोडून तिला दुसरं ठिकाण नव्हतं.

आता त्या आरशाची गोम मला पहिल्या दिवशीच कळली होती. माझे वडील याच बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला होते. गिऱ्हाइकासाठी ठेवलेला आरसा ते भिंतीला सपाट कधी ठेवत नसत. खालच्या कडेमागं लाकडाची पाचर सारून तळ थोडा पुढं काढायचा, म्हणजे आरसा वरून मागं रेलतो आणि बाई उंच दिसते, सडपातळ दिसते. साडी अंगावर खुलते आणि घडी पुन्हा कपाटात जात नाही. चारांपैकी तीन आरशांच्या पाचरी कधीतरी निघून गेल्या असणार, तिसऱ्याची राहिली.

हे कुणाला सांगायची काही गरज होती का? नव्हती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एका दुपारी मी सगळ्यांना ही गंमत सांगितली, वडिलांच्या दुकानातल्या किश्शासकट. खूप हशा पिकला. शिकवणारी पोरगी म्हणाली, "मग तर काढायलाच पाहिजे, व्यायामाला खरा आरसा लागतो," आणि तिनं ओणवं होऊन पाचर ओढून काढली. आरसा खट्‌ करून भिंतीला टेकला. भाभी त्याच्यापुढंच उभी होती. आता ती किती वेगळी दिसते, हे मी मागून नीट निरखून पाहिलं. माझं म्हणणं तंतोतंत खरं निघालं म्हणून मला फार बरं वाटलं.

भाभी त्यानंतर दोन दिवस आली, कोपऱ्यात उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून बंद.

आठवडा गेला. मला चैन पडेना. शेवटी शहागंजात तिच्या घरी गेले. दुकानाच्या वरच घर. तिनं मला साखरेचा चहा दिला, स्वतः बिनसाखरेचा घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कशी आहे?" मी विचारलं.

"एक महिना राह्यला."

मी घरून वाक्य जुळवूनच नेलं होतं. म्हटलं, "भाभी, त्या आरशाचं एवढं मनावर घेऊ नका. मी पाचर परत लावायला सांगते."

ती हसायला लागली. "टीचर, आरसा झूट बोलतो ते मलाबी पहिल्या दिवशीच मालूम होतं. दुसऱ्या आरशात मी काय कधी बघितलं नाय? मी जाडी हाय, घरचे रोज सांगतात. त्याचं काय येवढं?"

"मग?"

तिनं कप खाली ठेवला. "पाचर निघाली ना, तेव्हा मला आरशात मी नाय दिसले. माझ्या मागं तुम्ही दिसल्या. मला बघत होत्या, आणि हसत होत्या."

मी म्हटलं, तुमच्यावर हसत नव्हते. ते खरंही होतं. मी स्वतःवरच खूश होते, आणि त्या नादात तिथं एक बाई उभी आहे हे विसरले होते. तेही तिला तसंच सांगितलं, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. फार लाज वाटली मला. तीस वर्षं मुलांच्या पाठीमागं उभी राहिले त्या वर्गात आरसे नव्हते, एवढंच.

तिनं खाली ठेवलेला कप उचलून उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाली, "येते मी सोमवारपासून. पण तुम्ही पुढं, मी मागं."

सोमवारी मी पहिल्या रांगेत उभी राहिले, तिसऱ्याच आरशापुढं. ती शेवटच्या रांगेत. तासभर माझी पाठ नुसती जळत होती. ड्रेस मागून वर सरकला का, कलले का, ती आता काय बघत असेल. मी पोट आत ओढून धरलं, या वयात, आणि हात वर गेला नाही तेव्हा खोकला आल्याचं सोंगही केलं. शेवटी राहवेना. मान न हलवता आरशातून मागं पाहिलं.

भाभीची नजर शिकवणाऱ्या पोरीच्या हातांवर होती. ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती. घामानं कपाळ भिजलेलं, दोन्ही हात डोक्याच्या पार वर. मी तिला दिसतसुद्धा नव्हते.