काळ्या स्क्रीनवरचं गीत

मी असलं काही मानत नाही. माझं कामच ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्र स्क्रीनवर पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. स्क्रीन चालत नसेल तर कारण सापडतंच, उशिरा का होईना. त्यामुळे हे लिहितानाही जरा संकोच वाटतोय...

आम्ही कोल्हारचे ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आजोबांना दोन वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. "नुसतं बसून काय करू?" म्हणत त्यांनी देवळात येणं सोडलं होतं. मी मोबाईलवर लिहून दाखवलं — रविवारी चला, गीत मोठ्या स्क्रीनवर लावते, वाचून गा.

"न्हाई दिसलं तर परत बोलवायचं न्हाई हां, पोरी."

शनिवारी घरी सगळं तपासलं, टेबलावर, हातभर केबल लावून. देवळातली केबल पंधरा मीटरची. इतक्या लांब चित्र पोचवायचं तर ड्रायव्हरमध्ये डिस्प्ले लिंकचं, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या सिग्नलचं, व्होल्टेज एक-दोन पायऱ्या वाढवावं लागतं. मी ते सगळ्यात खालच्या पायरीवरच ठेवलं... घरी चालत होतं ना!

रविवारी गीत सुरू झालं आणि स्क्रीन काळी. उठले तर सगळे बघणार, म्हणून मी जागीच थिजले.

"अगं, कर ना काहीतरी!" मम्मी कुजबुजली.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. आजोबा गात होते! नजर स्क्रीनवर, चाल स्वतःचीच, पण शब्द न् शब्द बरोबर. ते गीत मम्मीनं त्याच आठवड्यात लिहिलेलं. आजोबांना आम्ही ते दाखवलंही नव्हतं. गाणारी मंडळी आमच्या मागे उभी, म्हणजे ओठ बघून म्हणण्याचाही प्रश्न नाही.

"मम्मी, तुला काही दिसतंय?"

"कुठे काय? काळंच आहे की."

घरी येऊन लॉग, म्हणजे ड्रायव्हरनं ठेवलेली नोंद, पाहिला. लिंक एकदाही जुळली नव्हती, म्हणजे स्क्रीनपर्यंत चित्र पोचलंच नव्हतं. आजोबा मात्र जेवताना सांगत होते, "अक्षरं लई झ्याक हुती. तुज्या आईनं लिवलंय पन ग्वाड."

मी व्होल्टेज वाढवलं. पुढच्या रविवारी स्क्रीन लख्ख. सगळं देऊळ वाचून गात होतं. बाहेर पडताना आजोबांनी माझा हात धरला.

"आज जरा पुसट हुतं, बाळा. मागच्या खेपेला काय केल्तंस?"

मी मोबाईलवर लिहून दाखवलं — काहीच नाही. तेव्हा काय झालं ते मलाच माहीत नाही — आजही नाही. ते मात्र आता दर रविवारी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे असतात.