पात्याला लावलेलं लिंबू

आम्ही लंडनमध्ये क्रॉयडनला राहायला आलो त्याच वर्षी नवऱ्याला केरिसचं वेड लागलं. केरिस म्हणजे मलायी कट्यार. लोक वीकेंडला पार्कात जातात, आमचा हा अँटीक फेअरमध्ये. पहिली केरिस घरात आली तेव्हाच मी कुरकुरले. मुलगी चार वर्षांची, आणि घरात हे असलं शस्त्र.

त्याला मात्र कौतुक आवरेना. खिडकीपाशी पातं तिरकं धरायचा. "बघ, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते ना? वेगवेगळं लोखंड एकत्र ठोकून काढलेली. आणि पात्याची वळणं मोज, कायम विषमच." मूठ म्हणजे अंग आखडून, पोटाशी हात धरून बसलेला लाकडी माणूस. त्याला तिकडे म्हणे तापाने कुडकुडणारा म्हणतात. मुठीखालची पितळी वाटी सैल होती, त्यावरून मूठ दुसऱ्याच केरिसची आहे हे त्याने ओळखलं. खरं सांगते, नक्षी सुंदर होती. नजर हटत नव्हती, आणि तेच मला आवडत नव्हतं.

"हा काळा रंग कशाचा, माहितीये? सोमल. लिंबाच्या रसात कालवून लावतात."

"सोमल म्हणजे आर्सेनिक, विष ना रे?"

"अगं, चाटायचं थोडंच आहे?"

किचनमध्ये आणायची नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

एका शनिवारी सकाळी पोहे केले. ओट्यावर अर्धं लिंबू कापलेलं दिसलं, ते मुलीच्या बशीत पिळलं. तिने दोन-तीन घास खाल्ले.

"आई, हा पोहे यकी आहे."

"नखरे पुरे झाले, खा गुपचूप."

तेवढ्यात नवरा जुना टूथब्रश घेऊन आला आणि ओट्याकडे बघत थबकला. "इथलं लिंबू कुठे गेलं? पातं घासत होतो मी त्याने." सिंकशेजारी टी-टॉवेलखाली केरिस होती. मी मुलीच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला, तशी ती भेदरून रडायला लागली.

हॉस्पिटलमध्ये मी नर्सला आर्सेनिक, आर्सेनिक एवढंच सांगत होते. हा बाजूला उभा राहून पातं किती जुनं असेल ते समजावत होता. संताप संताप झाला माझा. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं असेल तर फार थोडं, पण रिपोर्ट यायला वेळ लागेल. उलटी झाली, पोट दुखलं, तर ताबडतोब घेऊन या.

घरी आलो. मुलगी माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तो बूट न काढता थेट किचनमध्ये गेला. टॉवेल उचलल्याचा आवाज आला.

"अरेरे, गंज चढला गं. निघताना निदान पुसून तरी ठेवायचंस."

मी कोट काढला नाही. दारातूनच त्याला विचारलं, आम्हा दोघींचे पासपोर्ट कुठे ठेवलेस?