नळावरचा ण

"म्हण, पाणी."

घरमालक नळाच्या तोटीवर हात ठेवून उभे होते. चाळीत सगळे त्यांना काका म्हणायचे. समोर सरिता. कडेवर वर्षभराची मुलगी, पायाशी रिकामा हंडा.

"पानी," ती म्हणाली.

"पानी काय? पाणी! ण! आमचं पाणी प्यायचंय ना, मग आमच्या भाषेत माग."

"पानी, काका."

"चायनीजची जीभ वळत नाय हो," मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. काकांनी तिचा हंडा पायानं रांगेच्या शेवटी सरकवला. तिचा नंबर येईपर्यंत नळ गेला.

रांगेत मीही होते. मीही हसले.

२०१७चा उन्हाळा. तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून आमची दहा खोल्यांची चाळ. नळ सकाळी पाऊण तास. सरिता नेपाळची. तिचा नवरा हायवेवर चायनीजच्या गाडीवर कामाला. त्यामुळं, आणि डोळ्यांमुळं, ती सगळ्यांची 'चायनीज'. मला ती 'बहिनी' म्हणायची. बायका खिदळायच्या, "ही कधी झाली गं तुझी वहिनी?" त्यांच्यात बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मी तापानं पडले तेव्हा तीन दिवस तिनंच पेज करून भरवली होती.

नळावर तो रोजचा खेळच झाला. म्हण, पाणी. हंडा मागं. नळ गेला की सरिता हायवेपलीकडच्या विहिरीवर जाऊ लागली. भरधाव ट्रकांमधून, डोक्यावर हंडा, कडेवर मुलगी.

मी गप्प. खोली काकांची. ज्या झेरॉक्सच्या दुकानात मी टायपिंग करायचे ते त्यांच्या भाच्याचं. एकट्या आदिवासी मुलीला आधी चार घरांनी खोली नाकारलेली. जाणार कुठं?

आठव्या दिवशी काकांनी मला पुढं ओढलं. "हिच्याकडं बघ. आदिवासी असून किती शुद्ध बोलते! बोल गं, दाखव तिला."

कौतुक होतं ते. कानाखाली बसावी तसं लागलं.

तो ण मला कसा आला, ते माझं मला माहीत. रानशेतकडच्या आमच्या पाड्यावर पानीच म्हणतात. आश्रमशाळेत पहिलीत मी विचारलं, "गुरुजी, पानी पिऊ?" गुरुजी म्हणाले, "पाणी म्हणता येईल तेव्हा पी." दुपारभर माठाजवळ उभी. वर्ग हसत होता. शेवटी ण आला. सुट्टीत घरी गेले आणि आईच्या 'पानी'ला मीच हसले. बाप मोर्च्यांतून पत्रकं आणायचा, ती वाचत मी वाढले. जमीन कुणाची, जंगल कुणाचं, सगळं पाठ होतं. जीभ कुणाची, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"बोल की!" काका म्हणाले.

"पानी."

"काय?"

"पानी. माझी आई म्हणते तसं."

कुणी हसलं नाही.

"जास्त शिकलीस काय? हो मागं. महिनाअखेर खोली खाली कर. दुकानात पण तोंड दाखवू नकोस."

मी माझी कळशी सरिताच्या हंड्याशेजारी नेऊन ठेवली. नळ गेला. सरिता हळूच म्हणाली, "बहिनी, तू क्यों बोली? अब तुझे भी नहीं मिलेगा."

बरोबर बोलली ती. मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. विहिरीवर जाणाऱ्या दोघी झाल्या, एवढंच.

नळ पंचायतीचा होता, काकांच्या मालकीचा नव्हता. नळावर आम्हालाही पाणी मिळावं, असा मी अर्ज लिहिला. खाली दोन नावं. कार्यालयातल्या बाबूनं तो वाचला आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"नेपाळिणीचं नाव काट. तुझं काम आजच करतो. तू इथली आहेस."

इथली. हा शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला दिला होता. किंमत एक रेघ. मागं सरिता उभी होती. मराठी तिला कळत होतं.

मी पेन घेतलं नाही.

"मग बसा," म्हणत त्यानं अर्ज परत सरकवला.

खोली गेली, दुकान गेलं. तो अर्ज घेऊन आम्ही दोघी सात वेळा त्या दारात गेलो. सातही वेळा तेच पेन पुढं आलं. दुसऱ्याचं नाव कापून मिळणारं इथलंपण मला नको. आठव्यांदा जाऊ. नावं दोनच राहतील, आणि वरचं सरिताचं.