डिस्ट्रिब्युटरवरच्या दोन वायरी

मी लष्करातली नर्स, लेफ्टनंट, वय चोवीस. आणि मी आमच्याच ॲम्ब्युलन्सच्या दोन वायरी मुद्दाम उलट्या लावल्या. इतकी मूर्ख पोरगी मी नंतर पाहिली नाही, आणि मला आठ नातवंडं आहेत.

सन पासष्टच्या मे महिन्यात शिरगावच्या किनाऱ्यावर आमचा ट्रेनिंग कॅम्प होता. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तांडेल, हुद्दा नाईक, जवळच्याच कोळीवाड्यातला. रोज सकाळी सहाला तो इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायचा. वायर काढूनही आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर मेलेला. "मला शिकव," म्हटलं. त्यानं वायर हातात दिली. रबरी हातमोजा द्यायला 'विसरला'. झटका बसला, मी किंचाळले, अख्खी प्लॅटून हसली.

तीन दिवस मला बदल्याशिवाय काही सुचेना. चौथ्या दुपारी बॉनेट उघडून, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर दोन आणि तीन नंबरच्या वायरींची अदलाबदल केली. संध्याकाळच्या परेडला सगळ्यांसमोर त्याची गाडी खोकावी, एवढीच इच्छा.

१४१० वाजता वायरलेस आला. "दोर तुटला. जवान पडला. पोटात मार. पालघरला हलवा."

गाडीत माझ्यासमोर आडवा जवान एकोणीस वर्षांचा. नाडी १२०. गाडी हादरे देत, फटाके फोडत कॅम्पच्या फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. ती कशीबशी चालू करून तांडेलनं वायरी काढून पाहिल्या.

"दोन आणि तीन मेलेत."

तो प्लग काढून घासायला लागला. मी गप्प. डोळ्यांपुढे कोर्ट मार्शल. चार मिनिटं गेली. नाडी १४०.

"तांडेल, प्लग परत बसव. डिस्ट्रिब्युटरवर दोन-तीन उलटे आहेत."

"तुमाला कसं ठाव?"

"मीच केलंय."

त्यानं प्लग परत घट्ट केले. वायरी बदलल्या, इंजिन एका सुरात लागलं. १४४५ ला जवान ऑपरेशन टेबलवर होता. वाचला.

कॅम्पच्या मेजरसाहेबांनी उशिराचं कारण विचारलं. तांडेल म्हणाला, "वायरी उलट्या लागल्या, सर. माजी चूक." त्याला सात दिवस एक्स्ट्रा ड्यूटी. शूर लेफ्टनंट बाजूला सावधानमध्ये उभी, तोंड बंद.

सप्टेंबरात पंजाबच्या सीमेवर जखमींना आणताना त्याच्या गाडीवर गोळा पडला. नाईक तांडेल परत आला नाही.

शिक्षा झाली त्या दिवशी मेजरसाहेबांच्या तंबूबाहेर तो मला म्हणाला होता, "राग माज्यावर काढा, मॅडम. चहात मीठ घाला, बुटात वाळू भरा. गाडी माजी नाय. मागं जो आडवा हाय, त्याची हाय."