मारुतीच्या खांबांवर रंगाचे दोन हात

आमच्या लालबागच्या चाळीतल्या मारुतीच्या देवळाला दरवर्षी हनुमान जयंतीच्या आधीच्या रविवारी ऑइल पेंट लागतो. जुना रंग खरवडायची पद्धत नाही. रंग कुठला यावरून आठवडाभर भांडायचं, शेवटी दुकानात जो असेल तो आणायचा आणि सगळ्यांनी मिळून फासायचा.

गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरच्या नकाशात आमचा मारुती पार्किंगमध्ये, लिफ्टशेजारी! देऊळ खरोखर जुनं ठरलं, तरच जागेवर राहणार होतं. म्हणून मी जुन्या वास्तू जपणाऱ्या एका आर्किटेक्ट बाईंना गाठलं. सोमवारी सकाळी बघायला येते म्हणाल्या. हे मी चाळभर सांगितलं, आणि रविवारी शीवला मावशीकडे गेले. दोन्ही चुका माझ्याच.

संध्याकाळी परतले तर अख्खं देऊळ आकाशी! हनुमान जयंतीला अजून महिना होता. गिरणीतून निवृत्त झालेले माझे ऐंशी वर्षांचे बाबा ब्रश घेऊन पायरीवर बसलेले.

"बाबा, काय केलंत हे?"

"पावणे येतले नि देव असो कळकट? माका नाय चलाचा."

"दोन हात मारलेत, ताई!" शेजारचे काका अभिमानाने म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

सोमवारी बाई आल्या त्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. फोटो काढायला म्हणून मागे सरकल्या आणि थेट खांबाला टेकल्या. कुणाची बोलायची हिंमत होईना. त्या वळल्या तेव्हा पाठीवर हा भला मोठा आकाशी पट्टा! वरच्या गॅलरीतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग मी. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. इकडे देव चालला होता आणि मी खिदळत होते!

बाईंनी पाठ चाचपली, हात बघितला आणि पिशवीतून पातं काढलं. खांबावर तळहाताएवढा चौकोन खरवडायला घेतला. आकाशीखाली एकेक थर सुटत गेला, मग गुलाबी निघाला.

"माझ्या लग्नाच्या वर्षीचा!" शेजारच्या काकू ओरडल्या.

पिस्ता निघाला, तर तो कुणाच्या तरी बारशाचा. मग काय, सगळी चाळ खांबाभोवती. बाई विचारतायत, आम्ही एकमेकांवर ओरडत सांगतोय, त्या भराभर लिहितायत. खूप खाली एक पांढरा, भुसभुशीत थर लागला. हा कुणालाच ओळखता येईना.

"संपात रंग खयचो?" बाबा हळूच म्हणाले. "तेव्हा आमी चुनोच मारललो."

बाईंनी पातं थांबवलं आणि तेही लिहून घेतलं.

चुन्याखालीही थर होते, बाबांच्याही आठवणीआधीचे. आणि सर्वांत खाली सागवान निघालं, त्यावर कोरलेला एक पोपट, चोचीत फळ धरलेला. ऐंशी वर्षं त्या खांबाला टेकत आलेले बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "आयला," एवढंच म्हणाले.

बाईंच्या अहवालावरून देऊळ जागेवरच ठेवायचं, असं पत्र आलं. चाळीत पेढे वाटले, मी तर जिन्यात नाचले. मग बाबांनी चष्मा लावून पत्र नीट वाचलं. खाली अट होती: यापुढे रंग लावू नये, लाकूड फक्त कोरड्या फडक्याने पुसावं.

"मगे त्या रविवारी आमी करूचा काय?" बाबांनी विचारलं. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. इतकी धावपळ केली, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

यंदा त्या रविवारी सगळे सवयीने खाली उतरले. मी फडकी वाटली. बाबांनी पोपटाला कुणाला हात लावू दिला नाही.

"बाकीचे खांब तुमचे," ते म्हणाले. "ह्यो माजो."