जत्रेआधीचं पॉलिश

माझ्या बायकोला बसवत नाही. मणक्यात गाठ आहे. एक ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं, आणि तिसऱ्याचं नाव डॉक्टरच काढेनासे झाले. त्यातून जे समजायचं ते आम्ही दोघांनी वेगवेगळं बसून समजून घेतलं.

तिचं माहेर म्हसा. पौषात तिथे जत्रा भरते आणि सासरी गेलेल्या लेकी त्या दिवसांत माहेरी येतात. शहापूरहून अंतर फार नाही, पण आडवं पडून एस.टी.त कोण नेणार? दोन जत्रा चुकल्या होत्या. तिसरी चुकली तर चौथीचं काय, हे घरात कोणी बोलत नव्हतं.

म्हणून मी मोटारहोम घेतलं. नाव मोठं, वस्तू जुनी मिनीबस. आत डाव्या खिडकीला लागून पलंग, कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. भातसानगरला धरणावर नोकरीभर व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला याहून जास्त शहाणपण सुचत नाही.

ही गाडी आधी वैकुंठरथ होती. विकणाऱ्यानं ते मला खालच्या आवाजात सांगितलं होतं आणि मी खालच्याच आवाजात ‘चालेल’ म्हटलं होतं. एरवी अशी धडधाकट गाडी मला मिळाली नसती. घरी पोहोचेपर्यंत मी वाटेत खोटं तयार केलं.

“फिरत्या वाचनालयाची होती,” मी बायकोला सांगितलं.

“मंग पुस्तकांच्या फळ्या कुठं गेल्या?”

“वाळवी लागली.”

“लोखंडाच्या गाडीत?”

“पुस्तकांना लागली. मग फळ्या काढून टाकल्या.”

ती “बरं” म्हणाली. दोन दिवसांनी पलंगावर पडून बघताना तिनं विचारलं, “वाचनालयात लोक उभ्यानं वाचायचे का आडवे पडून?” मी हसलो. मला वाटलं, बाईला कितीतरी दिवसांनी विनोद सुचतोय.

जत्रेच्या पहिल्या आठवड्यात तिला ताप होता. उतरला तेव्हा जत्रा उठायला दोनच दिवस राहिले होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की गाडी चकचकीत करून न्यावी. गाडीचा रंग खडूसारखा झाला होता, हात फिरवला की पांढरा व्हायचा. असल्या गाडीतून बायकोला माहेरी उतरवायची मला लाज वाटली. खाली कसला रंग आहे याची वाटली नाही, वरचा उडालाय याची वाटली.

हायवेवरच्या गॅरेजवाल्याकडून मी पॉलिशर आणला. हातात धरायचं मशीन, पुढे लोकरीची गोल गादी गरगर फिरते. त्यानं मला नीट समजावलं. “काका, आधी कंपाउंडची पेस्ट घासा, मग वॅक्स. गाडी सावलीत घ्या. मशीन एका जागी धरू नका, हलकं फिरवत राहा. आणि हिचा रंग पातळ मारलाय, जोर लावू नका.”

“मी अख्खं धरण चालवलंय,” मी म्हटलं.

“धरणाला पॉलिश नव्हतं ना पण.”

उजवी बाजू मी दुपारपर्यंत काढली. खरं सांगतो, आरसा झाली. अंगणातलं आंब्याचं झाड तिच्यात पानांसकट दिसत होतं. मी दोनदा मागे सरून बघितलं, एकदा स्वतःलाही बघून घेतलं. मग त्याच तोऱ्यात डावी बाजू घेतली, आणि तोवर गाडीवर ऊन आलं होतं ते बघितलं नाही.

खिडकीखाली एक काळा डाग दिसला. वाटलं, डांबर उडालंय. मशीन तिथे दाबून धरलं. डाग जाईना, उलट वाढला. आणखी दाबलं. डाग गोल झाला. डांबर हट्टी असतं, आपण त्याच्याहून हट्टी, असं म्हणत मी कंपाउंडचा मोठा गोळा लावला आणि अंगाचा भार टाकला. पुसून बघितलं तर तो ‘ठ’ होता.

तरी मी थांबलो नाही, हे लिहायलाच हवं. मला वाटलं, ‘ठ’ झाकायचा तर आजूबाजूचं एकसारखं करावं. अक्षरांच्या जागी जुना रंग केसभर वर आलेला होता, त्यामुळे वरचा पांढरा पहिला तिथूनच उडत होता. मी जितकं एकसारखं करायला गेलो तितकं नीट वाचता येऊ लागलं. ‘वैकुंठ’ स्वच्छ निघालं. ‘रथ’ अर्धं निघालं तेव्हा मी मशीन बंद केलं.

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

“वाचनालयाचं नाव चांगलं होतं,” ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटलो. उद्या रंग आणतो, दोन हात मारतो, वाळायला दोन दिवस लागतील...

“परवा जत्रा उठलेली असंल. राहू द्या तसंच.”

“यात बसशील तू?”

“बसलेय की आधी.”

मला कळेना. तिनं दम घेतला. “माझ्या आईला कल्याणच्या दवाखान्यातून म्हसाला आणली ती हीच गाडी. पलंगाच्या बाजूचा आडवा दांडा हाय ना, तो धरून मी आईजवळ बसले होते. त्याला खालून वेल्डिंगचा काटा हाय, हाताला लागला होता. तुमी रेक्झिन गुंडाळलंत, पण काटा हाताला लागतोच.”

“तेव्हा मीही होतो गाडीत.”

“तुमी पुढं बसला होता. डायवरला विचारत होता, लिटरला किती देते. मागं एकदा पण नाय बघितलंत.”

मला ते आठवत होतं. बारा देते म्हणाला होता. गाडी मात्र आठवत नव्हती.

“मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?”

“तुमी किती खूश होता. आणि मला जायचं हाय म्हसाला. कशातून का असंना.”

मी आत जाऊन दांड्याखालून बोट फिरवलं. काटा होता.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवाल्यालाच गाडी चालवायला बोलावलं. डावी बाजू त्यानं एकदा बघितली आणि स्टिअरिंगवर बसला. मी मागे बसलो, दांडा धरून. मुरबाड सोडल्यावर तिनं पडदा सरकवायला सांगितला.

म्हसाला रस्ता माणसांनी आणि बैलांनी गच्च भरला होता. आता तासभर अडकणार म्हणून मी घड्याळ बघितलं. पण डाव्या अंगाच्या लोकांनी अक्षरं वाचली आणि हात जोडले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. ते बघून पुढचे बाजूला झाले. घोंगड्या विकणाऱ्यांनी आपली पथारी मागे ओढली, बैल धरलेल्यांनी बैल कडेला घेतले. वाट होत गेली. गॅरेजवाला हॉर्न न वाजवता हळूहळू चालवत राहिला.

बायको खिडकीतून सगळं बघत होती. पाळणे, मिठाईची दुकानं, आणि ओळीनं हात जोडलेली माणसं. थोड्या वेळानं तिनंही पडल्या पडल्या हात जोडले आणि तसेच ठेवले.

गाडी माहेरच्या दारात थांबली. तिची वहिनी बाहेर आली, डाव्या बाजूचं वाचलं, आणि तिथेच मातीत बसून तिनं हंबरडा फोडला.

“रडू नको गो,” बायको आतून म्हणाली, “हाय मी अजून. चाय ठेव.”

वहिनी धावत आत आली, तिचा चेहरा चाचपून बघितला. मग पायाशी बसली आणि पुन्हा रडायला लागली, आता सावकाश. बायकोनं तिला दुसऱ्यांदा गप्प केलं नाही. मी दांडा धरून बसून राहिलो.